दारावरची फुली

“घरात पाच वर्षांखालचं कोणी आहे का?” दारातून आवाज आला.

“आहो ना, मी,” आतून गजेंद्र म्हणाला. तो सव्वीस वर्षांचा होता.

मग त्यानं वर पाहिलं, आणि हे आपण काऊन बोललो ते त्याला कळेना… दारात उन्हानं तांबूस झालेली एक मुलगी उभी होती. खांद्याला पोलिओच्या लसीचा निळा डबा, हातात खडू, आणि कपाळाला चिकटलेली एक बट. ती बट फुंकरीनं उडवू पाहत होती. बट उडत नव्हती. गजेंद्र मात्र कुठल्या कुठे उडाला होता.

“तोंड उघडा मंग,” ती शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात त्याची तीन वर्षांची पुतणी, नयन, धावत आली म्हणून तो वाचला. रक्षानं — तिचं नाव रक्षा — नयनच्या जिभेवर दोन थेंब सोडले, करंगळीवर शाईची खूण केली आणि दारावर खडूनं इंग्रजी ‘पी’ काढला. पी म्हणजे या घरचं काम झालं. ज्या घरचं लेकरू राहिलं, त्या दारावर फुली. फुलीच्या घरी पुन्हा यायचं, लेकरू सापडेपर्यंत यायचं, असा नियम.

हा नियम नयनच्या आईला रक्षानं समजावून सांगितला. सर्वांत मन लावून तो गजेंद्रनं ऐकला.

दुसऱ्या दिवशी दारावर फुली होती.

“काल तर पी काढला होता मी,” रक्षा म्हणाली.

“असन,” गजेंद्र म्हणाला. “हवेनं फिरला असन.”

“हवेनं पीची फुली होते?”

“आजकाल हवेचं काही सांगता येत नाई, बाई.”

हे मात्र खरं होतं. दोन हजार चारचा फेब्रुवारी होता. मोहीम सुरू झाली त्या वर्षी नाचणगावात लस पाजणाऱ्या बाया स्वेटर घालून फिरल्या होत्या. आता त्याच महिन्यात डोक्याला ओला रुमाल बांधावा लागे. ऋतूंच्या बदल्या झाल्या होत्या. आदेश तेवढा गावात कुणाला मिळाला नव्हता. पळस वेळेआधीच पेटला होता, आणि गजेंद्रचं कुल्फीचं दुकान होळीच्या आधीच चालू झालं होतं.

रक्षानं नयनची करंगळी पाहिली. शाई जशीच्या तशी. ती हसली नाही. फक्त ओठ एका बाजूला जरासे मुडपले… आणि त्यानं आणलेलं लिंबाचं सरबत प्यायली.

तिसऱ्या दिवशीही फुली होती. त्या दिवशी सरबतानंतर चहाही झाला. कडुलिंबाची सावली अंगणात या टोकाहून त्या टोकाला सरकली, तिच्यासोबत बाजही सरकली. तो कुल्फी कशी जमते ते सांगत राहिला, ती ऐकत राहिली.

गजेंद्रची आई अनुसयाबाई आतून म्हणाली, “पोरी, याच्या हातातला खडू काढून घे तू. शाळेत होता तवा शिवला नाई, अन् आता पहाटेच उठून राह्यला.”

रक्षाचा कप ओठाशीच थांबला. तेवढ्यात तिचे सुपरवायझर पुंडलिकराव फटफटी घेऊन दारात आले.

“रक्षाबाई, इटाभट्टीवरचे लोकं चालले. रातच्या अवकाळी पाण्यानं कच्च्या इटांचा चिखल झाला, मालकानं भट्टीच बंद केली. पुलगाव टेशनवर गेले सारे.”

भट्टीवरच्या चार झोपड्यांवर खऱ्या फुल्या होत्या. पहिल्या दिवशी तिथली लेकरं मायांबरोबर बाजाराला गेली होती. आज सकाळी रक्षा तिथंच निघाली होती. वाटेत हे दार लागलं.

तिनं डबा उघडला. बर्फाचं पाणी झालं होतं. बाटलीच्या लेबलावर एक गोल असतो, त्यात पांढुरका चौकोन. लस तापली की चौकोन काळवंडत जातो. गोलाइतका गडद झाला की लस वाया. दोन्हींचा रंग एक झाला होता.

“तुमीच काढत होते ना?” तिनं गजेंद्रला विचारलं. आवाज अगदी हळू.

“मले वाटे… तुमी आणखी एकदा याल.”

“आली ना मी. त्या लेकराइची वेळ घेऊन आली.”



“माझ्या डब्यात दोन बाटल्या चांगल्या आहेत,” पुंडलिकराव म्हणाले, “पण बर्फ माझाही गेला. रातपासून लाइन नाई.”

गजेंद्र उठला. दुकानात लाकडाच्या भुशात बर्फाची लादी होती. त्यानं ती फोडली, पिशव्यांत भरली, पिशव्या पुंडलिकरावांच्या डब्यात कोंबल्या. दुकानातल्या एका डब्यात कुल्फ्या घेतल्या. फटफटीची किल्ली पुंडलिकरावांच्या हातातून त्यानं मागितली की घेतली, हे पुंडलिकरावांना अजून ठरवता आलेलं नाही.

रक्षा मागं बसली. डबा दोघांच्या मधे होता आणि पाठीला त्याचा गारवा लागत होता… गजेंद्रला तो तिच्या रागाचाच वाटला.

फलाटावर गाठोड्यांवर भट्टीवरची परप्रांतातली लेकरं बसली होती. अनोळखी बाई पाहताच सगळ्यांनी तोंडं घट्ट मिटली. गाडीचा सिग्नल पडला. गजेंद्र गुडघ्यांवर बसला आणि त्यानं एक कुल्फी उंच धरली.

“आ करो. जो पहले आ करेगा, उसकी.”

सात तोंडं एकदम उघडली. रक्षा ओळीनं थेंब सोडत गेली, गजेंद्र मागून कुल्फी देत गेला. गाडी आली आणि हलूही लागली; सगळ्यात लहान पोराला कडेवर घेऊन त्याच्या आईनं गाडीच्या डब्यात पाय ठेवला होता. रक्षा गाडीबरोबर चार पावलं चालली आणि त्याच्या जिभेवर शेवटचे दोन थेंब पडले.

गाडी गेली. रक्षा बाकावर बसली. गजेंद्र खांबापाशीच उभा राहिला. जवळ जायची हिंमत नव्हती.

“चुकलो मी,” तो म्हणाला. “एखादं राह्यलं असतं तर…”

“मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं,” ती रुळांकडे पाहत म्हणाली. “तरी आली. अर्धी चूक माझी.” तिनं शेजारचा डबा उचलून खाली ठेवला. “बसा.”

तो बसला. फलाटावर वितळलेल्या कुल्फीचे ठिपके होते, मुंग्या जमत होत्या.

“आता पुन्हा… कसं बोलवू तुमाले?” त्यानं विचारलं.

“नावानं बोलवा. सरळ.”

“रक्षा.”

“इथंच तर बसली आहो मी.”

“माहीत आहे,” गजेंद्र म्हणाला. “सवय करून राह्यलो.”