बंद इंजिनाचा ताप

मिस्त्रीची एक रीत होती: आधी हात, मग यंत्र. गाडी तापते म्हणून कुणी आलं, की स्कॅनर लावायच्या आधी तो इंजिनावर तळहात टेकवायचा. लोक हसायचे. हसोत बापडे, त्या हाताने त्याला आजवर कधी फसवलं नव्हतं.

त्या दुपारी गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी एका निवृत्त मास्तरांची होती. इंजिन गार असतानाही तापमानाचा काटा वर जातो, एवढीच तक्रार. मास्तर आदल्या दिवशी किल्ली देऊन गेले होते. मिस्त्रीच्या घरी पोरीला दोन दिवस ताप होता, त्यामुळे त्याला हे काम पटकन आटोपून घर गाठायचं होतं.

त्याने बॉनेट उघडून तळहात टेकवला. लोखंड गार होतं. मग इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली आणि स्कॅनर लावला. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचं तापमान अडतीस पूर्णांक सहा अंश सेल्सिअस.

"खोटारडी," तो गाडीला म्हणाला.

तापमान मोजणारा सेन्सर गेला असणार, दुसरं काय. त्याने सेन्सरचा प्लग उपसला. आकडा धाडकन उणे चाळीसवर गेला. प्लग काढला की कुठल्याही गाडीत असंच होतं, म्हणजे वायर ठीक होती. मग त्याने नवा सेन्सर प्लगला जोडला आणि इंजिनात न बसवता तसाच लोंबता ठेवला. आता बाहेरच्या हवेचं तापमान दिसायला हवं, फार तर बावीस-तेवीस.

अडतीस पूर्णांक सहा.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिने सेल्सिअसच्या थर्मामीटरने पोरीचा ताप मोजला होता. अडतीस पूर्णांक सहा.

"आणि अहो, मघाशी ती एकदम थंडगार पडली. श्वासच अडकला होता तिचा. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं."

"मघाशी म्हणजे कधी?"

"झाली असतील पाच मिनिटं..."

पाच मिनिटांपूर्वी त्याने प्लग उपसला होता. योगायोग, त्याने स्वतःला बजावलं. पण त्याचा हात पुन्हा त्या प्लगकडे जाईना, किल्लीकडेही जाईना. स्कॅनरवरचा आकडा चढत होता. फोन न ठेवता त्याने बायकोला परत ताप मोजायला लावला.

"एकोणचाळीस पूर्णांक दोन," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्याच्यासमोरही तोच आकडा होता. बायकोने बोलावलेल्या डॉक्टरांना घरी पोचायला अजून तासभर लागणार होता.

घाबरलेला माणूस आपल्याला येतं तेच करतो. मिस्त्रीने पेल्यात गार पाणी घेतलं आणि सेन्सर त्यात बुडवला. आकडा उतरू लागला. अडतीस... सदतीस... पोरीला घाम फुटलाय, डोळे उघडलेत, बायको सांगत होती. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने सेन्सर पाण्यातून काढून कोरडा पुसला.

आकडा थांबला नाही. छत्तीस... पस्तीस...

"अहो, हिचे पाय गार पडतायत..."

त्याने सेन्सर उजव्या मुठीत आवळला. दुसरं काही सुचलंच नाही. आकडा जरा घुटमळला आणि अगदी सावकाश वर सरकला. छत्तीस पूर्णांक चारवर येऊन थांबला.

उन्हं उतरली. डॉक्टर तपासून गेले, आता काळजी नाही म्हणाले. मिस्त्री मात्र गाडीला टेकून उभाच होता. बॅटरी उतरू नये म्हणून त्याने डाव्या हाताने कसाबसा चार्जर लावला होता. उजवी बोटं बधिर झाली होती. मूठ जरा सैल पडली की आकडा घसरायचा.

पुन्हा फोन वाजला. पोरगी उठून बसली होती, दोन घास जेवलीही होती.

"फक्त म्हणते, बाबांना सांग हात सोडा, दुखतंय."

मिस्त्रीने फोन कानाशी घट्ट धरला. "कुठे दुखतंय?"

"दंडावर. बोटांचे वळ उठलेत हो... दोन्ही दंडांवर. उजवीकडचे मोठे आहेत, तुमच्या बोटांएवढे. डावीकडचे..." ती थांबली. "डावीकडची बोटं फार बारीक आहेत. आणि ते वळ खाली सरकतायत... कुणी ओढल्यासारखे."

मिस्त्रीच्या डाव्या हातात फोन होता. त्याने उजवी मूठ होती नव्हती तेवढी ताकद लावून आवळली. फोनमध्ये पोरगी कळवळली.

स्कॅनरवर छत्तीस पूर्णांक तीन झालं.