खिशातला फ्यूज

बेलापूरच्या उसामागे असलेल्या त्या बंगल्यातला पोहण्याचा तलाव गेल्या उन्हाळ्यापासून कोरडा होता. तळाच्या निळ्या फरश्यांवर चिंचेचा पाला वाळून पडला होता. जॉयने सकाळी आवारात खड्डा घेतला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरून वरून पाणी ओतले. अर्थिंग चोख झाले. वीज गळताच पुरवठा तोडणारे नवे यंत्रही त्याने भिंतीवर बसवले. पूर्वी इथे यातले काहीच नव्हते. याच पंपापाशी त्याचा थोरला भाऊ थॉमस वीज लागून गेला होता.

दोघा भावांना हे काम शिकवले अजिनाथने, आणि एक रीतही त्यानेच घालून दिली: ज्याचा हात तारेत, त्याच्या खिशात फ्यूज. काम संपले की फ्यूज परत द्यायचा. मग बोर्डापाशी उभ्या माणसाने "देऊ का?" विचारायचे, आणि "दे" ऐकल्यावरच खटका दाबायचा. थॉमस तर खिशात टाकण्यापूर्वी फ्यूजवर खिळ्याने बारीक क्रूस ओढायचा. "हा माझा जीव," म्हणायचा.

त्या दिवशी बोर्डापाशी अजिनाथ होता. थॉमसच्या खिशात फ्यूज सापडला नाही.

"त्यानंच बोर्डात ठिवला हुता, आन् 'दे' म्हनला," अजिनाथने रडत सांगितले. गावाने थॉमसला निष्काळजी ठरवले. जॉयनेही. वर्षभर तो अजिनाथच्या घरी जेवला, त्याला भाऊ म्हणत राहिला.

आज फ्यूज खिशात टाकून जॉय पंपाच्या खड्ड्यात उतरला.

"लई बारीक बघतोस रं," अजिनाथ वरून हसला. "नवरीला दागिनं घालतोय जनू."

"दादानं एवढं बघितलं असतं तर, भाऊ..."

"जाऊ दे. सरक, मी स्क्रू आवळतो." अजिनाथ खाली उतरला आणि पंपाच्या तारांच्या उघड्या डबीत त्याने बोटे घातली.

तलावाकडून येणारा पाइप अजून जोडायचा होता. त्याच्या काळ्या तोंडातून ओल्या शेवाळाचा वास येऊ लागला. मग फार खोलवरून, तोंडात पाणी असल्यासारखे, कुणीतरी बोलले.

"नको, भाऊ. अजून नको."

अजिनाथचा हात थांबला.

"ऐकलंत, भाऊ?"

"काय न्हाई. वारं हाय."

उसाचे एकही पान हलत नव्हते. जॉयच्या मांडीला ओल जाणवली. त्याने खिशात हात घातला. बाहेर दोन फ्यूज आले. एक कोरडा. दुसऱ्यावर बारीक क्रूस, आणि त्यातून पाणी ठिबकत होते.

"ह्यो कुठनं आला?" अजिनाथ पुटपुटला. "ह्यो तर मी त्याच्या खिशातनं काढून हिरीत..."



"म्हणजे तुम्ही बोर्डात दुसरा घातला," जॉय म्हणाला. त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच 'भाऊ' नव्हते. "अन् दादा नको म्हणत होता."

"पाव्हनं यायचं हुतं रं. मालक घाई करत हुता. मला वाटलं, हात काढला आसल..."

बोर्डापाशी कुणीच नव्हते. तिथून थॉमसच्या आवाजात प्रश्न आला.

"देऊ का?"

अजिनाथ डबीतली बोटे उचलू पाहत होता. ती निघत नव्हती. त्याने जॉयकडे पाहिले.

"नको," जॉय म्हणाला. मोठ्याने, स्पष्ट. "दादा, नको."

दोन्ही फ्यूज त्याच्या मुठीत होते.

पंपाचा पंखा हळूच फिरू लागला.