सैल शिवलेला पंख

"सुई आहे का हो तुमच्याकडे?" तिनं दारातूनच विचारलं.

समुद्राकडे उघडणाऱ्या त्या शेडमध्ये एक तरुण जमिनीवर मांडी घालून, होडीचं भलंमोठं शीड शिवत बसला होता. त्यानं मान वर केली. चामड्याची टोपी, गालावर इंजिनच्या तेलाचा ओघळ... आणि थाट असा, जणू शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला आली आहे!

"बटण तुटलंय का?"

"नाही. पंख फाटलाय."

त्यानं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. वाळूत एक दुपंखी विमान उभं होतं, आणि त्याच्या खालच्या पंखाचं फाटलेलं कापड वाऱ्यावर फडफडत होतं.

"चालवत कोण होतं?"

हा प्रश्न तिच्या इतका अंगवळणी पडला होता की उत्तर जिभेवरच असायचं. "घोडा!"

तो मनमोकळं हसला... आणि सुई-दोरा घेऊन सरळ बाहेर आला. पुन्हा विचारलं नाही. बाकी सगळे दोनदा तरी विचारायचे. तिच्या मनात तो तिथंच भरला असावा, पण हे तिनं बरेच दिवस स्वतःलाही कळू दिलं नाही.

तो टाके घालत होता, ती बोटं बघत होती. बोटं बघताना मध्येच पापण्याही बघत होती.

"मजुरी म्हणून एक चक्कर मारून आणू का वर?"

"नको हो पायलटबाई! पाणी कितीही खोल असू दे, बेधडक उतरतो. पण शिडीच्या चौथ्या पायरीवर माझे डोळे फिरतात."

तिचं विमान ज्या हँगरमध्ये असायचं, तिथल्या उस्तादांनी त्याचे टाके पाहून त्याला कामाला उचललाच. ती समोरच्या किनाऱ्यापर्यंत उडत जाऊन परत येणार होती. ते पाणी आजवर कुणीच उडून ओलांडलं नव्हतं, बाईनं तर नाहीच. त्यासाठी फाटक्या पंखाच्या जागी नवा पंख हवा होता, तोही वारा फिरायच्या आत. एकदा फिरला की वर्षभर वाट बघा.

शीडवाल्यानं जीव ओतून पहिला पंख शिवला. कापड असं ताणलं की टिचकी मारली तर ढोलकी वाजावी. त्यावर रोगण चढवलं. पिकलेल्या फळासारखा गोडसर वास हँगरभर पसरला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर पंखाच्या बारीक लाकडी फासळ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या!

"अरे बाबा, हे शीड नाही!" उस्तादांनी कपाळाला हात लावला. "कापड थोडं सैल ठेवायचं. रोगण वाळताना ते आपलं आपण आवळतं. तू ओढलंस, मग रोगणानं ओढलं... लाकडानं सोसायचं तरी किती?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. ती हळूच शेजारी येऊन उभी राहिली.

"माझ्या आईला दाखवते हा पंख. तीही मला अशीच ओढून धरते."

"दाखवा. पण कुणी शिवला ते सांगू नका."

त्यानं दुसरा पंख शिवला, सैल. यावेळी कापड बेताचं आवळलं. पण हँगरचा एक जुना नियम होता. पंख ज्यानं शिवला, त्यानं त्या पंखाच्या पहिल्या उड्डाणात पुढच्या बैठकीवर बसायचं. तो बसला नाही, तर ते विमान मोहिमेवर जायचं नाही. उस्ताद यात कुणाचं ऐकत नसत.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ती मात्र मुद्दाम चाकाकडे बघत राहिली. तिची सगळी धडपड आता याच्या चौथ्या पायरीवर येऊन अडकली होती, आणि त्याला गळ घालायची नाही असं तिनं ठरवलं होतं.

"पट्टा कुठं बांधायचा?" त्यानं विचारलं. आवाज कापत होता, पण पाय पुढे पडला होता.

तिनं विमान उचललं. पुढच्या बैठकीत त्याची मान खांद्यांत रुतलेली, मुठी कडेवर घट्ट.

"डोळे उघडा!" ती ओरडली.

"उघडेच आहेत!"

"खोटं! उजवीकडे बघा, तुमची शिवण बघा!"

कितीतरी वेळानं मान वळली. उन्हात पंख झळकत होता, टाका न् टाका जागच्या जागी. त्याचे खांदे हळूहळू खाली आले, पाठ ताठ झाली. त्यानं मागे वळून काहीतरी ओरडून सांगितलं... वाऱ्यानं ते उडवून नेलं.

"काय?"

"खाली सांगतो!"

पण खाली उतरल्यावर त्यानं काही सांगितलंच नाही. "तुम्ही आधी जाऊन या," एवढंच.

ती चिडली. अशी कशी माणसं असतात!

मोहिमेच्या सकाळी ती हातमोजे घ्यायला हँगरच्या मागे गेली, तेव्हा आईचा आवाज कानावर आला. मुलगी वर असली की जिच्या घशाखाली घास उतरत नसे, ती आई त्याला म्हणत होती, "तू तरी सांग रे तिला. तुझं ऐकेल ती."

"ऐकेल, काकू," तो म्हणाला. "म्हणून तर नाही सांगणार."

ती तशीच माघारी फिरली. हातमोजे राहिलेच.

पाण्यावर ती एकटी होती. बोटं गारठली. मध्येच वाऱ्यानं विमानाला जोरात हिसका दिला... पण पंख हूं की चूं न करता तोलून राहिला. पलीकडचा किनारा आला, टोप्या हवेत उडाल्या, इंधन भरलं गेलं, फोटो निघाले. ती मात्र पुन्हा पुन्हा रिकाम्या पुढच्या बैठकीकडे बघत होती.

परतीच्या किनाऱ्यावर माणसं मावत नव्हती. चाकं टेकली तशी आई धावत आली. "पाणी ओलांडून आली माझी पोर!" ती दिसेल त्याला सांगत सुटली. डोळे वाहत होते, मान ताठ होती.

आणि शीडवाला? तो पंखावरून हात फिरवत होता!

"वा! आधी पंख?"

"पंख माझा आहे. तुम्ही अजून..." तो अडखळला.

"कुणाची व्हायला मी काय कापड आहे?"

"नाही. पण सैल सोडलं की आपोआप... असं उस्ताद म्हणतात."

तिचे कान तापले. बरं झालं, टोपी होती! "त्या दिवशी वर काय ओरडला होतात?"

"हेच, की..." त्यानं कान पकडला. "अजून एक चक्कर मारा."

"चौथ्या पायरीवर डोळे फिरणारा माणूस?"

"फिरतातच. पण मागे तुम्ही असलात, तर कितीही वेळा फिरू देत."

ती पुन्हा विमानात चढली, टोपी नीट केली आणि पुढच्या बैठकीवर थाप मारली.

"बस."

"अहो, आत्ता?"

"अहो नाही. अगं म्हण... आणि बस."

"अगं, आधी दोघं दोन घास खाऊन तरी घ्या!" आई खालून ओरडली. पण इंजिन सुरू झालं होतं, आणि या वेळी त्याचे डोळे आधीपासूनच उघडे होते.