जुळ्यांपैकी एक

"माझ्या मुलीला कुणीतरी मारलंय," आई म्हणाली. वकीलबाईंनी समोर ओढलेल्या खुर्चीत बसायचंही तिला भान नव्हतं.

तिच्या जुळ्या मुलींपैकी मोठी तापाने गेली होती. हा ताप दूरच्या जंगलपट्टीतला, तिथले डास चावून होणारा. मुली तर कधी शहराबाहेर गेल्या नव्हत्या.

वकिली सोडून तपासाची कामं घेणाऱ्या वकीलबाई आणि त्यांचे मदतनीस, निवृत्त हवालदार, दुपारीच त्या घरी पोचले.

मुलींची आया डोळे पुसत म्हणाली, "आजारपणाच्या आधी दोघींच्या दंडावर टोचल्याची खूण होती. साहेब म्हणाले, लस दिलीय."

साहेब म्हणजे मुलींचे वडील. याच तापावर संशोधन करणारे डॉक्टर. घरामागच्याच त्यांच्या प्रयोगशाळेतला सहायक घामाघूम झाला होता.

"तापाच्या जंतूंची एक कुपी गायब आहे. किल्ली फक्त माझ्याकडे आणि सरांकडे. पण मी मुलींच्या जिवावर कशाला उठेन? त्यांचे गर्भ याच प्रयोगशाळेत तयार झाले. सरांनी त्यातल्या एकीचं जनुकही बदललं होतं."

"कशासाठी?"

"ते सरांनाच विचारा."

धाकटी पलंगावर पाय हलवत बसली होती. तिला ताप आलाच नव्हता. तरी कोपराच्या आतल्या बाजूला निळेजांभळे डाग होते.

"बाबा रोज रक्त घेतात," ती म्हणाली. "ताई आजारी पडली तेव्हापासून."

बाहेर येताच हवालदारांनी निकाल लावला. "सहायकच, बाई. चेहराच सांगतोय."

"तो नोकरी जाईल म्हणून घाबरलाय. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा."

सगळे जमले. वकीलबाई उभ्याच राहिल्या.

"मोठीचाच जीव घ्यायचा असता, तर एकीला टोचून भागलं असतं. दोघींना टोचणाऱ्याला दोघींमधला फरक बघायचा होता. आणि ठणठणीत मुलीचं रक्त रोज कोण काढेल? ती आजारी का पडत नाही, हे ज्याला तपासायचंय तोच. डॉक्टर, हा ताप तिला शिवू नये म्हणूनच तुम्ही तिचं जनुक बदललंत."

डॉक्टरांनी सावकाश चष्मा पुसला. "आणि शिवला नाही. यातून लाखो मुलं वाचतील."

"आणि मोठी?" आईने विचारलं.

"तुलनेला कुणीतरी लागतंच."

"तू म्हणालास, औषध लागू पडत नाहीये."

"दिलंच नव्हतं. दिलं असतं तर निकाल कळला नसता."

हवालदारांनी त्यांचा दंड धरला. त्यांना दाराकडे चालवलं.

दाराशी डॉक्टर मागे वळले. "उद्या सकाळी धाकटीचं रक्त घ्यायला सांगा. खंड पडला तर मोठी फुकट गेली."

धाकटी तिथेच उभी होती. तिने सवयीने बाही वर सारली आणि हात पुढे केला.