उलट्या तोंडाचा बगळा

मेलेल्या म्हातारीच्या उशाखालून निघालेला तो कागद नान्दोने चिमटीत धरला होता. पोपचा आशीर्वाद म्हणून विकलेला, आणि साफ खोटा. इस्पितळात मरणाला टेकलेल्यांना असले कागद विकणारा माणूस रात्री झोपतो तरी कसा, हेच त्याला कळत नव्हतं.

"चोर कोण ते उघड आहे," मोन्सिन्योर पाल्मेरिनी म्हणाले. चर्चचं आशीर्वादपत्रांचं कार्यालय या धर्मगुरूंच्या हाताखाली होतं. "कागदावर पोपच्या चिन्हाची ढाल हाताने रंगवणारी एकच बाई आहे, एर्सिलिया. उद्या तिचा परवाना रद्द होईल."

"मग मला कशाला बोलावलंत?" लिविया साक्रिपान्तीने विचारलं. ही खाजगी गुप्तहेर गोड बोलायला कधी शिकलीच नव्हती. नान्दो तिचा मदतनीस. अंगाने दांडगा, डोक्याने जरा सावकाश.

"मी बोलावलं," कोपऱ्यातून म्हातारी एर्सिलिया म्हणाली. "चाळीस वर्षं ढाली रंगवल्या, बाई. बोर्गोची सगळी वस्ती मला चोर म्हणतेय. ही घाण कपाळावर घेऊन मी मरणार नाही."

लिवियाने खोटा कागद खऱ्याशेजारी ठेवला. ढालीवर बगळा, ढालीमागे सोन्याची नि चांदीची किल्ली. खऱ्यावर बगळा डावीकडे बघत होता आणि सोन्याच्या किल्लीचे दातेही डावीकडे होते. खोट्यावर सगळंच उलटं.

"ढालीवरचा प्राणी बघणाऱ्याच्या डावीकडे तोंड करतो," एर्सिलिया म्हणाली. "तोंड फिरवलं तर तो पळपुटा. हे शेंबडं पोरही सांगेल."

कागदांवर नावं लिहिणारा कारकून तुल्यो घाबरून गेला होता. "दिवसाला साठ खरे कागद माझ्या हातून जातात, सिन्योरा. लखोट्यात घालतो, चिकटवतो, थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवतो."

"आणि गिऱ्हाइकांची मागणी घेणारे दुकानदार?"

"ते फक्त नावं कळवतात. कागद त्यांच्या नजरेलाही पडत नाही."

मेलेल्या म्हातारीचं नाव बोर्गोतल्या फाउस्तोच्या दुकानात नोंदवलं होतं. दुकानाच्या काचेवर तीच ढाल रंगवलेली होती. नान्दोने रस्त्यावरून नीट पाहिलं: बगळा डावीकडे, किल्ल्या जागच्या जागी.

"एर्सिलियानेच रंगवलीय," फाउस्तो गल्ल्यामागून म्हणाला. तो भाजलेल्या डुकराचं हाड चोखत होता आणि त्याच तेलकट बोटांनी जपमाळा मोजत होता. "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. मी काय, गुडघे गेलेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हीच खुर्ची."

लिविया त्याच्या मागे जाऊन क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "नान्दो, सगळ्यांना इथेच घेऊन ये."

तासाभरात सगळे जमले.

"एर्सिलिया झोपेतही बगळा चुकवणार नाही," लिविया म्हणाली. "तुल्यो खरे कागद रोज बघतो, त्याने नक्कल केली असती तर ती सुलटी झाली असती. आपल्या चोराने खरा कागद पाहिलेलाच नाही. फाउस्तो, जरा उठा. नान्दो, या खुर्चीत बस. काय दिसतं?"

नान्दोने काचेकडे पाहिलं. बाहेरच्या उन्हाने रंग उजळले होते.

"बगळा उजवीकडे बघतोय! किल्ल्याही उलट्या!"

"रस्त्यासाठी रंगवलेली ढाल आतून उलटीच दिसणार. आणि आतून ती दिवसभर एकच माणूस बघतो. समोर चित्र तयार असताना गुडघेदुख्या माणूस दुसरं शोधायला कशाला उठेल?"

तिने गल्ल्याखालचा खण ओढला. आत अर्धवट रंगवलेले सात बगळे होते, सगळे उजवीकडे बघणारे, कडांना चरबीचे डाग पडलेले.

फाउस्तोने बोटं पुसली. "मरणाऱ्याला काय कळतंय बगळा कुठे बघतो? समाधान मिळालं ना त्यांना?"

त्या खुर्चीतून नान्दो चटका बसल्यासारखा उठला.

मोन्सिन्योरांनी घाईघाईने दार लोटलं. "हे बाहेर जायला नको. चर्चची बदनामी होईल. एर्सिलिया, तू उद्यापासून कामाला लाग. झालं गेलं विसरून जा."

"माझं नाव गावभर केलंत, मोन्सिन्योर. आता याचंही करा."

मोन्सिन्योरांनी दाराला कडी घातली.

एर्सिलियाने पिशवीतून परवाना काढला आणि गल्ल्यावर, त्या चोखलेल्या हाडाशेजारी ठेवला.

"मग तुमची ढाल आता यालाच रंगवू द्या," ती म्हणाली आणि दार उघडून रस्त्यावर गेली.