दुसऱ्यांदा एक वीस

अमित, तो मोबाइल उलटा ठेव. अर्धवट कानाने ऐकायची गोष्ट नाही ही. माझ्या रूममेटच्या, चारुदत्तच्या बाबतीत घडलंय, इथून वीस मैलांवर. तारीखसुद्धा सांगतो. शनिवार, सव्वीस ऑक्टोबर पंच्याऐंशीची रात्र.

चारू रेडिओवर रात्री बारा ते पाच स्पोर्ट्सचा शो करायचा. चांगली इंजिनिअरची नोकरी सोडून, घरच्यांच्या शिव्या खाऊन. रेडिओवर त्याचं नाव चार्ली. त्या रात्री त्याला एकच जादा काम होतं. दोन वाजले की स्टुडिओतलं घड्याळ तासभर मागे करायचं. अमेरिकेत हिवाळ्यासाठी सगळे घड्याळं मागे करतात ना, ते तेव्हा ऑक्टोबरात असायचं. म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा.

पण गडी अस्वस्थ होता. डॅलसच्या एका मोठ्या स्टेशनचा मॅनेजर त्या रात्री ऐकणार होता. आवडलं तर दिवसाचा शो. त्यात बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची मॅच नुकतीच संपलेली, चारही लाइन लुकलुकत होत्या.

एक वीसला जगन्नाथकाकांचा फोन. रोजच यायचा. आमच्या डॉक्टर संजीवचे वडील, नागपूरचे. संजीव रात्री ड्यूटीवर, आणि यांना झोप नाही. मनगटावरचं घड्याळसुद्धा नागपूरच्याच वेळेवर, कुणी काही म्हणो. जाहिराती चालू असताना विचारायचे, "आज कोण जिंकलं?" बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांना. मराठी कानावर पडायचं, बस.

त्या रात्री म्हणाले, "चारू, जरा... बरं वाटत नाहीये रे."

"काका, आज लाइन अडवू नका ना, प्लीज. उद्या बोलू."

फोन ठेवला, आणि मग त्याच्या जिवाला चैन पडेना. लोकांना काय उत्तरं देतोय, त्याचं त्याला कळत नव्हतं. दोनदा काकांचा नंबर फिरवला. दोन्ही वेळा एंगेज. दोन वाजले. स्टुलावर चढून त्याने काटा मागे फिरवला. पुन्हा एक.

एक दहा. एक पंधरा. जाहिराती लागल्या.

एक वीस... चौथी लाइन.

"आज कोण जिंकलं, चारू?"

चारूचा जीव भांड्यात पडला. "काका, बरे आहात ना?"

"आता बरं आहे."

"चुकलं माझं. उद्या मी घरीच येतो."

"उद्या नव्हता रे माझ्याकडे..."

चारूने रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"...हा एक तास मिळाला."

जाहिराती संपल्या. लाल दिवा लागला, म्हणजे पुन्हा ऑन एअर. चार्ली बोलेना. रेडिओवर नुसती शांतता. त्याने रिसीव्हर सोडला नाही.

"कॅन्सस सिटी जिंकली, काका."

"बरं."

आणि मग... काही नाही. तीन मिनिटं तो तसाच कानाला रिसीव्हर लावून बसला होता. डॅलसहून फोन कधीच आला नाही. पुढे अकरा वर्षं रात्रीचाच शो केला त्याने. हळहळला नाही.

संजीव घरी आला होता पहिल्या पावणेदोनला, घड्याळं मागे व्हायच्या आधी. काका फोनपाशी पडलेले, रिसीव्हर लोंबकळत होता. त्याने नाडी बघितली. नव्हती. काकांच्या मनगटावर तेव्हा नागपूरचे सव्वाबारा वाजले होते, त्याला पक्कं आठवतंय. अँब्युलन्स आली, काकांना घेऊन गेली. दुसऱ्यांदा एक वीस झाले तेव्हा घराला कुलूप होतं.

सकाळी हॉस्पिटलने काकांचं घड्याळ पाकिटात घालून दिलं. संजीवने सहज वर भिंतीवरच्या, रात्री मागे केलेल्या घड्याळाकडे पाहिलं.

काकांच्या घड्याळात आता नागपूरची वेळ नव्हती; दोन्ही मिनिटाला मिनिट जुळत होती.