आबांचा कळवळा कुठे गेला?

दाराच्या फटीत बोट चिमटलं आणि शाल्मली किंचाळली. समोर बसलेल्या आबांनी वर पाहिलं, तिच्या बोटाचं रक्त पाहिलं आणि म्हणाले, "दार लाव. डास येतात."

बोटापेक्षा त्या थंड आवाजाचीच तिला धास्ती बसली. आजोबांना तिचं नाव ठाऊक होतं, एकोणतिसाचा पाढासुद्धा घडाघडा येत होता. मग हरवलं होतं ते काय? त्या दिवसापासून ती त्यांच्याजवळ एकटी थांबेना.

"स्मृतिभ्रंशाचे प्रकार असतात," मेंदू संशोधन केंद्रातल्या डॉक्टर मुकादम म्हणाल्या. "आबांच्या मेंदूचा पुढचा भाग झिजतोय. दुसऱ्याचं दुखलं की आपल्याला जाणवतं, त्यात त्याचा मोठा वाटा. आठवणींचा भाग अजून शाबूत आहे. म्हणून नाव आठवतं, पण कळवळा येत नाही."

केंद्रात आबांवर एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. औषध म्हणजे नाकात मारायचा फवारा. त्यात ऑक्सिटोसिन होतं (माणसांचा लळा लागायला मदत करणारं संप्रेरक, संप्रेरक म्हणजे शरीरात इकडून तिकडे निरोप नेणारं रसायन).

"पण काही जणांना आम्ही नुसतं मिठाचं पाणी देतो," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाला काय मिळालं हे आम्हालाही शेवटपर्यंत कळत नाही. नाहीतर आम्हाला हवं तेच दिसायला लागतं."

म्हणजे आबांना पाणीच मिळत असलं तर? शाल्मलीला वाटलं.

महिन्याभराने केंद्रातल्या यंत्रमानवाने आबांना पडद्यावर चेहरे दाखवून त्यांवरचे भाव विचारले.

"राग. दुःख. ही भीती," आबांनी फटाफट सांगितलं. डॉक्टरबाई खूश! शाल्मलीचा मात्र जीव खालीवर झाला. बरे झाले म्हणून उपचारच थांबवले तर?

"आबा नाटकात रंगभूषा करायचे," ती घाईघाईने म्हणाली. "चेहरे त्यांना पाठच आहेत!"

डॉक्टरबाईंनी जीभ चावली. "अगं बाई! ओळखणं तपासलं, जाणवणं राहिलंच की!"

मग शाल्मली स्वतःच आबांसमोर जाऊन बसली.

"आबा, मला तुमची भीती वाटते."

"माझी?"

आबा उठले, आपली खुर्ची ओढत पार भिंतीपाशी नेली आणि बसले.

"एवढं लांब चालेल?"

"हे काही पाठ केलेलं नव्हतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "औषधाने झालं की कसं, ते पुढे कळेल. पण सगळंच संपलेलं नाही, बाळा."

शाल्मलीची भीती अजून गेली नव्हती. तरी तिने आपली खुर्ची जराशी पुढे ओढली.